वर्गसमीकरण न सोडवता मुळांची बेरीज आणि गुणाकार कसा ओळखायचा? दहावीच्या पेपरापासून गुंठ्याच्या प्लॉटपर्यंत कामाला येणारे गणित

बदलापूर : समजा, तुम्ही एक प्लॉट बघायला गेलात. चारही कोपरे काटकोनात, भोवती तारेचं कुंपण. विकणारा सांगतो, "कुंपण एकूण १९८ फूट आहे आणि जागा २५०० चौरस फूट भरते." खिशातला टेप काढायच्या आधीच सांगता येतं, की या दोन आकड्यांपैकी एक तरी चुकीचा आहे. १९८ फुटांच्या कुंपणात अशी २५०० चौरस फुटांची जागा बसूच शकत नाही.

हे कसं कळलं? त्याचं उत्तर दहावीच्या गणितात आहे. वर्गसमीकरणाचे सहगुणक आणि त्याची मुळे यांचा जो संबंध पोरं परीक्षेपुरता पाठ करतात, तोच हा नियम. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही शहरांभोवतीच्या गावांत जागेचे व्यवहार नेहमीच चालतात आणि दहावीचं पोरगं तर घराघरात असतं. म्हणून हा नियम नीट समजून घेतलेला बरा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार येत असेल तर पुढचं सगळं समजेल.

वर्गसमीकरण म्हणजे काय?

ज्या समीकरणात माहीत नसलेल्या संख्येचा वर्ग येतो, पण त्याहून मोठा घात येत नाही, ते वर्गसमीकरण. माहीत नसलेल्या संख्येला क्ष म्हटलं तर समीकरण असं दिसतं :

अक्ष² + बक्ष + क = ०

यात अ, ब आणि क हे ठरलेले आकडे असतात. अ कधीच शून्य नसतो. अ आणि ब हे क्ष² आणि क्ष यांचे सहगुणक, क ही स्थिर संख्या. बोलताना तिघांनाही सहगुणक म्हणतात. बालभारतीच्या पुस्तकात हीच अक्षरे इंग्रजी ए, बी, सी आणि एक्स अशी छापलेली असतात.

क्ष च्या जागी जी संख्या ठेवली की डावी बाजू शून्य होते, ती संख्या म्हणजे समीकरणाचं मूळ. वर्गसमीकरणाला दोन मुळे असतात. कधी कधी दोन्ही सारखीच निघतात. पुस्तकात त्यांना अल्फा आणि बीटा ही ग्रीक अक्षरांची नावं दिलेली आहेत. इथे आपण पहिलं मूळ आणि दुसरं मूळ असंच म्हणू.

दोन ओळींचा नियम

• दोन्ही मुळांची बेरीज = −ब ÷ अ
• दोन्ही मुळांचा गुणाकार = क ÷ अ

एवढाच नियम. उदाहरण बघा. क्ष² − १२क्ष + ३५ = ० या समीकरणात अ = १, ब = −१२, क = ३५. म्हणजे मुळांची बेरीज १२ आणि गुणाकार ३५. बेरीज १२ आणि गुणाकार ३५ येणाऱ्या दोन संख्या कोणत्या? ५ आणि ७. झालं, समीकरण सुटलं.

अ जर १ नसेल तर भागाकार करायला विसरायचं नाही. २क्ष² − ९क्ष + १० = ० घ्या. बेरीज ९ ÷ २ = साडेचार. गुणाकार १० ÷ २ = ५. मुळे आहेत २ आणि अडीच. त्यांची बेरीज साडेचार, गुणाकार ५. बरोबर जुळलं.

असं का होतं?

५ आणि ७ ही मुळे असलेलं समीकरण तयार करायचं असेल, तर (क्ष − ५) आणि (क्ष − ७) यांचा गुणाकार करून तो शून्य धरायचा. क्ष च्या जागी ५ ठेवा, पहिला कंस शून्य होतो. ७ ठेवा, दुसरा कंस शून्य होतो. आता कंस सोडवा. क्ष गुणिले क्ष म्हणजे क्ष². मग −७क्ष आणि −५क्ष मिळून −१२क्ष. शेवटी ५ × ७ = ३५.

म्हणजे मधल्या पदात मुळांची बेरीज उलट चिन्ह घेऊन बसते आणि शेवटच्या पदात गुणाकार बसतो. बेरजेच्या सूत्रात उणे चिन्ह येतं ते याच कारणाने. समीकरणाला पूर्ण २ ने किंवा ३ ने गुणलं तरी मुळे बदलत नाहीत, पण तिन्ही आकडे फुगतात. म्हणून अ ने भागून ते मूळ मापात आणायचे.

मुळे वर्गमुळाच्या चिन्हात आली तरी नियम मोडत नाही. क्ष² − ६क्ष + ७ = ० ची मुळे ३ + √२ आणि ३ − √२ अशी येतात. बेरीज करताना √२ उडून जातं आणि ६ उरतात. गुणाकार ९ − २ = ७ येतो.

आई-बापालाही तपासता येईल असं उत्तर

दहावीच्या पोरीने वर्गसमीकरण सोडवलं, पण ते बरोबर की चूक हे घरात कोण सांगणार? क्लास लांब, सर उद्या भेटणार आणि वडील सातवी-आठवी शिकलेले. अशा घरात हा नियम फार उपयोगी आहे. समीकरण कसं सोडवलं हे समजलं नाही तरी चालतं. पोरीने काढलेल्या दोन उत्तरांची बेरीज करा, गुणाकार करा आणि समीकरणातल्या आकड्यांशी ताडून बघा.

समजा समीकरण आहे क्ष² + ३क्ष − ४० = ०. पोरीचं उत्तर आहे ८ आणि −५. गुणाकार −४०, तो जुळतो. पण बेरीज येते ३ आणि नियमाने ती यायला हवी −३. म्हणजे चिन्हांची अदलाबदल झाली. बरोबर उत्तर −८ आणि ५. नुसता गुणाकार बघितला असता तर ही चूक सुटली असती. म्हणून बेरीज आणि गुणाकार दोन्ही तपासायचे.

दोन्ही जुळले तर त्या समीकरणाचं उत्तर शंभर टक्के बरोबर. कारण ठरलेली बेरीज आणि ठरलेला गुणाकार देणारी संख्यांची जोडी एकच असते. मात्र शाब्दिक उदाहरणात समीकरणच चुकीचं मांडलं असेल, तर ती चूक या तपासणीत सापडत नाही. तेव्हा आलेलं उत्तर उदाहरणातल्या वाक्यात ठेवून बघायला लागतं.

चिन्हांवरून काय कळतं?

अ धन असेल तर नुसती चिन्हे बघूनही बरंच काही सांगता येतं.

• क ऋण असेल तर एक मूळ धन आणि दुसरं ऋण.
• मुळे वास्तव असतील, क धन आणि ब ऋण असेल तर दोन्ही मुळे धन.
• मुळे वास्तव असतील, क धन आणि ब धन असेल तर दोन्ही मुळे ऋण.
• ब शून्य असेल तर बेरीज शून्य. म्हणजे आकडा तोच, चिन्ह उलट. क्ष² − ४९ = ० ची मुळे ७ आणि −७.
• क शून्य असेल तर गुणाकार शून्य. म्हणजे एक मूळ शून्यच.

शेवटच्या मुद्द्यावर बरीच पोरं फसतात. क्ष² − ७क्ष = ० आलं की दोन्हीकडे क्ष ने भागून क्ष = ७ एवढंच लिहितात. शून्य हे दुसरं मूळ हरवतं आणि त्याचे गुणही जातात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे समीकरण सरळ न मांडताच आकडे उचलणं. क्ष² = ७क्ष − १२ असं दिलं असेल तर आधी सगळं एका बाजूला आणायचं : क्ष² − ७क्ष + १२ = ०. मगच अ, ब, क ठरवायचे. इथे बेरीज ७, गुणाकार १२, मुळे ३ आणि ४.

आता प्लॉटचं गणित

काटकोनी प्लॉटची लांबी आणि रुंदी यांची बेरीज म्हणजे कुंपणाची निम्मी लांबी. त्यांचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ. म्हणजे कुंपण आणि क्षेत्रफळ कळलं की बेरीज आणि गुणाकार हातात आला. लांबी आणि रुंदी ही एका वर्गसमीकरणाची दोन मुळे झाली :

क्ष² − (निम्मं कुंपण)क्ष + क्षेत्रफळ = ०

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. समजा २ गुंठ्यांचा प्लॉट आहे, म्हणजे २१७८ चौरस फूट, आणि कुंपण १९८ फूट. निम्मं कुंपण ९९. लांबी-रुंदी काढायची रीत अशी :

१. बेरजेचा वर्ग करा. ९९ × ९९ = ९८०१.
२. क्षेत्रफळाची चौपट करा. ४ × २१७८ = ८७१२.
३. वजाबाकी करा. ९८०१ − ८७१२ = १०८९.
४. वर्गमूळ काढा. १०८९ चं वर्गमूळ ३३. हा लांबी आणि रुंदीतला फरक.
५. ९९ मध्ये ३३ मिळवून निम्मे करा : ६६. ९९ मधून ३३ वजा करून निम्मे करा : ३३.

प्लॉट ६६ बाय ३३ फुटांचा आहे. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम.

आता त्या २५०० फुटांच्या दाव्याकडे या. ९९ चा वर्ग ९८०१. क्षेत्रफळाची चौपट १००००. मोठ्यातून लहान वजा करायचं तर इथे चौपटच मोठी निघाली. वजाबाकी −१९९ आली आणि ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसतं. म्हणजे अशी लांबी-रुंदी असलेला प्लॉट असूच शकत नाही. पुस्तकात या वजाबाकीला विवेचक म्हणतात. विवेचक ऋण आला की मुळे वास्तव नाहीत, असं पोरं लिहितात. प्लॉटच्या भाषेत त्याचा अर्थ, सांगितलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

१९८ फुटांच्या कुंपणात चार सरळ बाजूंची जास्तीत जास्त जागा बसते ती चौरसात, प्रत्येक बाजू साडेएकोणपन्नास फूट. तिचं क्षेत्रफळ २४५०.२५ चौरस फूट. त्यापेक्षा जास्त कोणी सांगत असेल तर तिथेच थांबवून परत मोजायला लावायचं.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. ९० बाय ९ फुटांच्या चिंचोळ्या पट्टीलाही १९८ फुटांचंच कुंपण लागतं. पण तिचं क्षेत्रफळ ८१० चौरस फूट, म्हणजे एक गुंठासुद्धा नाही. तार सारखीच, जागा चौरसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच. म्हणून कुंपणाच्या लांबीवरून जागेचा भाव ठरवायचा नाही.

या तपासणीला मर्यादाही आहे. विकणाऱ्याने २४०० चौरस फूट सांगितले असते, तर विवेचक २०१ आला असता आणि असा प्लॉट असू शकतो एवढंच कळलं असतं. तो तसाच आहे का, हे एक बाजू टेपने मोजूनच ठरतं. २४०० चौरस फूट खरे असतील तर मोठी बाजू साधारण ५६.६ फूट आणि लहान ४२.४ फूट भरायला हवी.

कर्णाचाही ताळा घेता येतो. मुळांच्या वर्गांची बेरीज काढायला मुळे माहीत असावी लागत नाहीत. बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची दुप्पट वजा करायची. २ गुंठ्यांच्या प्लॉटसाठी ९८०१ − ४३५६ = ५४४५. याचं वर्गमूळ साधारण ७३.८ फूट. हा प्लॉटचा कर्ण. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. दोन्ही कर्ण एवढेच भरले नाहीत तर कोपरे काटकोनात नाहीत किंवा सांगितलेले आकडे चुकीचे आहेत.

एक लक्षात ठेवायचं. सगळी मापं एकाच परिमाणात हवीत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १ गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. तसंच शेताचे बांध वाकडेतिकडे असतील तर लांबी-रुंदीचं हे गणित तिथे लागू होत नाही. भूमी अभिलेख खात्याच्या सरकारी मोजणीला ते पर्यायही नाही. पैसे देण्याआधी आकड्यांचा ताळा घेण्यासाठी ते आहे.

भास्कराचार्यांची माकडे

बेरीज आणि फरकावरून दोन संख्या काढायची वरची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथात तिला संक्रमण म्हटलं आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. त्यानंतर ५४ वर्षांनी, शके १०३६ म्हणजे १११४ मध्ये भास्कराचार्यांचा जन्म झाला. ११५० साली त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी १२०७ साली या मठाला दान मिळाल्याची नोंद त्यात आहे.

बीजगणितात माकडांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग करावा तेवढी माकडे वनात खेळतात आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण किती? समीकरण मांडलं तर क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० येतं. मुळे ४८ आणि १६. बेरीज ६४, गुणाकार ७६८. दोन्ही उत्तरे चालतात.

दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून त्याचा वर्ग करावा तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतं. समीकरण येतं क्ष² − ५५क्ष + २५० = ०. मुळे ५० आणि ५. बेरीज ५५, गुणाकार २५०, ताळा बरोबर. पण कळप ५ माकडांचा धरला तर पाचवा हिस्सा १ आणि त्यातून ३ वजा केले की −२ येतात. उणे दोन माकडे कुठून आणणार? म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिलं. समीकरणाचं उत्तर आणि व्यवहाराचं उत्तर यांत फरक पडू शकतो, हा धडा त्यात आहे.

मुळे आणि सहगुणकांचा हा संबंध युरोपात फ्रान्समधले वकील फ्रान्स्वा व्हिएत यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा मृत्यू १६०३ मध्ये झाला आणि या विषयावरचं लिखाण नंतर १६१५ मध्ये छापलं गेलं. त्यांनी धन मुळांपुरताच विचार केला होता. आल्बेर जिरार यांनी १६२९ मध्ये ऋण मुळेही धरून नियम मांडला.

परीक्षेत कुठे येतं?

२०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग १ च्या पुस्तकात वर्गसमीकरणे हे दुसरं प्रकरण आहे. भाग १ चा लेखी पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. या नियमावर साधारण तीन प्रकारचे प्रश्न बनतात.

• मुळांवरून समीकरण : मुळे ४ आणि −९ असतील तर बेरीज −५, गुणाकार −३६. समीकरण क्ष² + ५क्ष − ३६ = ०.
• अज्ञात सहगुणक : क्ष² − ९क्ष + क = ० चं एक मूळ दुसऱ्याच्या दुप्पट आहे. बेरीज ९, म्हणजे मुळे ३ आणि ६. म्हणून क = १८.
• मुळांच्या वर्गांची बेरीज : क्ष² − १२क्ष + ३५ = ० साठी १४४ − ७० = ७४. ताळा : २५ + ४९ = ७४.

पेपर लिहून झाल्यावर शेवटची पाच मिनिटं ठेवा आणि सोडवलेल्या प्रत्येक वर्गसमीकरणाची बेरीज आणि गुणाकार उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात कच्चं काम म्हणून तपासा. चिन्हाची चूक तिथेच सापडते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• आधी समीकरण एका बाजूला आणा, दुसऱ्या बाजूला शून्य ठेवा.
• बेरीज = −ब ÷ अ. गुणाकार = क ÷ अ.
• उत्तर तपासताना बेरीज आणि गुणाकार दोन्ही बघा.
• जागा घेताना निम्म्या कुंपणाचा वर्ग आणि क्षेत्रफळाची चौपट काढा. चौपट मोठी निघाली तर आकडे चुकीचे आहेत.
• चौपट लहान निघाली तरी टेप लावल्याशिवाय आणि सरकारी मोजणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका.